देवमाशाच्या दातावरचा इतिहास

जुन्या वस्तू जतन करण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्यांनी एखादी दुपार घालविली असेल, त्यांना कै. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून मिळविलेले दिवे, अडकित्ते, दौती आणि स्वयंपाकघरातील भांडी नक्कीच आठवत असतील. राजेरजवाड्यांच्या रत्नांपेक्षा सामान्य माणसाच्या हाताखालच्या वस्तूंतून समाजाचा इतिहास अधिक स्पष्ट वाचता येतो, अशी दृष्टी त्या संग्रहामागे आहे. त्याच दृष्टीने सातासमुद्रांपलीकडील एका छंदाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू इंग्लंड नावाच्या प्रदेशात, शिडांच्या जहाजांवरील आणि विशेषतः देवमाशांच्या शिकारीशी निगडित अशा जुन्या वस्तू लोक शंभराहून अधिक वर्षे मोठ्या आवडीने जमवीत आले आहेत. हार्पून, होकायंत्रे, दुर्बिणी, जहाजाच्या नाळेवरील लाकडी मूर्ती, रोजकीर्दी आणि देवमाशाच्या दातांवर कोरलेली चित्रे यांनी तेथील संग्रहालये आणि घरे भरलेली आहेत.

या छंदाचा इतिहास चाळताना एक प्रश्न आमच्या मनात सतत घोळत राहिला. वस्तू टिकते ती कशामुळे, आणि वस्तू टिकूनही तिच्यामागचा इतिहास हरवतो तो कशामुळे? स्वभूमीपासून दूर राहून पन्नास वर्षे पुरी करणाऱ्या आपल्या मंडळास हा प्रश्न परका वाटू नये.

सेलमच्या कप्तानांचे मंडळ

समुद्रावरील वस्तूंचा संग्रह अमेरिकेत संस्थारूपाने प्रथम दिसतो तो मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदरात. १७९९ साली तेथील कप्तान आणि जहाजावरील मालाचे कारभारी यांनी ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ स्थापिली. सभासदत्वाची अट मोठी कौतुकाची होती. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न या भूशिरांकडील अथवा त्यांच्या पलीकडील समुद्र ज्याने पालथे घातले असतील, त्यालाच या मंडळात प्रवेश मिळे. दिवंगत सभासदांच्या कुटुंबीयांस साहाय्य करावे, नौकानयनाची माहिती गोळा करावी आणि दूरदेशीच्या नैसर्गिक व मानवनिर्मित कुतूहलाच्या वस्तूंचे संग्रहालय उभारावे, असे तीन हेतू मंडळाने ठरविले होते.

सेलमची जहाजे मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांत येत असत. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे अमेरिकन कप्तानांशी व्यवहार होते आणि त्यांचे चित्र सेलमच्या संग्रहात जाऊन पोचले. मंडळाच्या वार्षिक मिरवणुकीत सभासद दूरदेशीच्या वस्तू हाती घेऊन चालत आणि त्या मिरवणुकीत हिंदुस्थानी पद्धतीची पालखीही निघे, अशी नोंद सेलमचे धर्मोपदेशक विल्यम बेंटली यांनी आपल्या रोजनिशीत केली आहे. सेलमच्या रस्त्यावरून पालखी निघाल्याचे वाचून मराठी वाचकास गंमत वाटेल.

आमच्या मते या मंडळाचे खरे मोठेपण आणखी दोन गोष्टींत आहे. सफरीवर निघणाऱ्या सभासदास मंडळ एक कोरी वही देई, आणि परतल्यावर त्या वहीत लिहिलेला सफरीचा वृत्तांत मंडळाकडे जमा होई. शिवाय १८२१ साली त्यांनी आपल्या संग्रहाची जी सूची छापली, तिच्यात वस्तूबरोबर ती देणाऱ्या सभासदाचेही नाव नोंदविले. वस्तू आणि तिची कुळकथा एकत्र ठेवण्याचा हा परिपाठ त्या दर्यावर्दी माणसांना दोनशे वर्षांपूर्वी सुचला. १८२५ साली त्यांनी बांधलेले सभागृह आज पीबॉडी एसेक्स म्युझियम या मोठ्या संस्थेचा भाग आहे.

तीन-चार वर्षांची सफर

सेलमचे कप्तान व्यापारी होते. त्याच किनाऱ्यावरील नॅन्टकेट बेट आणि न्यू बेडफर्ड बंदर यांचे वैभव मात्र देवमाशांच्या शिकारीवर उभे होते. देवमासा हा खरे पाहता मासा नव्हे, तर सस्तन प्राणी. त्याच्या अंगावरील चरबी कढवून निघणारे तेल दिव्यांत जळे व यंत्रांच्या वंगणाला उपयोगी पडे. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यात सापडणाऱ्या मेणासारख्या द्रव्याच्या मेणबत्त्या धूर न होता स्वच्छ उजेड देत, आणि म्हणून त्यांना फार मोल होते. १८५७ साली हा धंदा शिगेला पोचला, तेव्हा एकट्या न्यू बेडफर्डची ३२९ जहाजे या शिकारीत गुंतलेली असून त्यांवर सुमारे १०,००० माणसे होती.

किनाऱ्याजवळचे देवमासे संपत गेले तशी जहाजे दक्षिण अटलांटिक, हिंदी महासागर, पॅसिफिक आणि अखेर उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रापर्यंत जाऊ लागली, आणि सफर तीन-चार वर्षांची झाली. खलाशास ठरलेला पगार नसे. मिळालेल्या तेलाच्या उत्पन्नात त्याचा लहानसा वाटा असे. ‘मोबी डिक’ या कादंबरीचे कर्ते हर्मन मेलव्हिल हे ३ जानेवारी १८४१ रोजी ‘अकुश्नेट’ या जहाजावरून फेअरहेवन बंदरातून निघाले, तेव्हा त्यांचा वाटा एकशेपंचाहत्तरावा होता. त्यातूनही जहाजावर उधार घेतलेल्या कपड्यांचे व तंबाखूचे पैसे वळते होत. कित्येक खलाशी वर्षानुवर्षे राबून जवळजवळ रिकाम्या हाताने घरी परतत. या जहाजांवर न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर अझोर्स व केप व्हर्डे बेटांतील पोर्तुगीज प्रजाजन, पॅसिफिकमधील बेटांवरचे रहिवासी, आणि स्वतंत्र किंवा गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय असे नाना जातींचे लोक एकत्र राहत.

घरच्या पत्राची वाट पाहणे ही त्यांची मोठी व्यथा होती. गालापागोस द्वीपसमूहातील एका निर्जन बेटावर खलाशांनी पत्रांसाठी एक पिंप ठेवले होते. येणारे जहाज आपली पत्रे त्यात टाकी आणि घराकडे वळलेले जहाज आपल्या वाटेवरच्या गावची पत्रे उचलून नेई. ना तिकीट, ना टपालखाते. परक्या माणसाच्या सद्भावावर सारा कारभार चाले. परमुलखी राहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने उभारलेली ही व्यवस्था त्या बेटावरील उपसागराला ‘पोस्ट ऑफिस बे’ हे नावच देऊन गेली.

दातावरची चित्रे

देवमासा दिसला की धावपळ आणि जिवावरचा प्रसंग. न दिसला तर आठवडेच्या आठवडे रिकामे. त्या रिकाम्या वेळातून ‘स्क्रिमशॉ’ नावाची कला जन्मास आली. स्पर्म देवमाशाच्या खालच्या जबड्यात चाळीस-पन्नास मोठे दात असतात. तेलाच्या मानाने त्यांना किंमत नसल्याने ते खलाशांच्या वाट्यास येत. खडबडीत दात आधी कानसेने घासायचा, मग शार्कच्या वाळलेल्या कातडीने आणि राखेने गुळगुळीत करायचा. नंतर चाकूच्या टोकाने किंवा शिडे शिवण्याच्या सुईने त्यावर रेघा कोरायच्या आणि त्यांत काजळी किंवा शाई चोळायची. ज्याला चित्रकला येत नसे, तो नियतकालिकातील चित्र दातावर चिकटवून त्यावरून टोचे पाडी व मग ते टोचे जोडून घेई. शिडे उभारलेले जहाज, उलटलेली होडी, फवारा उडविणारा देवमासा, गावाकडचे घर, आणि नव्या धाटणीचा पोशाख केलेली स्त्री हे या चित्रांचे नेहमीचे विषय.

तथापि चित्रांहूनही खलाशांनी घरासाठी केलेल्या उपयोगाच्या वस्तू आम्हांस अधिक बोलक्या वाटतात. आपल्याकडे दिवाळीत करंज्यांच्या कडा कापण्यासाठी जे नक्षीदार चाकाचे कातणे वापरतात, तसेच कातणे न्यू इंग्लंडच्या गृहिणीस गोड पदार्थाच्या पारीची कड मुडपण्यासाठी लागे. खलाशी ते देवमाशाच्या दातातून कोरीत आणि त्याच्या मुठीला कधी सापाचा, कधी घोड्याचा आकार देत. लोकरीची लड अडकवून गुंडा करण्यासाठी उघडमीट होणारा फाळका देवमाशाच्या हाडाच्या शेकडो चिपा जोडून तयार करीत. तो पुरा होण्यास कित्येक महिने लागत. स्त्रियांच्या काचोळीत पुढील बाजूस घालावयाची चपटी पट्टी ही तर फार खाजगी भेट, म्हणून तिच्यावर हृदये, विलोवृक्ष आणि गावाकडचे घर अशी चिन्हे कोरलेली आढळतात. या वस्तू मुख्यतः विकण्यासाठी केलेल्या नव्हत्या. ज्या घरी आपण नाही त्या घरच्या स्वयंपाकात, शिवणात आणि सणावारांत आपला हात कोठेतरी लागावा, एवढीच त्यामागची इच्छा दिसते.

बहुतेक करणाऱ्यांनी त्यांवर आपले नाव घातले नाही. नॅन्टकेटचा फ्रेडरिक मायरिक हा त्याला ठळक अपवाद. १८२८ व १८२९ या वर्षांत ‘सुझन’ या जहाजावर असताना त्याने अनेक दात कोरले आणि त्यांवर जहाजाचे नाव, तारीख व आपली सही घातली. ‘सुझनचे दात’ म्हणून ते आज प्रसिद्ध आहेत. त्यांतील एकेका दातास लिलावात लाखाहून अधिक डॉलर मिळाले आहेत. त्याच काळात त्याच्याइतक्याच कौशल्याने कोरणारे इतरही असतील. परंतु नाव नसल्यामुळे त्यांचे काम ‘अज्ञात खलाशी’ या एकाच चिठ्ठीखाली येते.

अडगळीची पुराणवस्तू झाली

१८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीस खनिज तेल लागले आणि देवमाशाच्या तेलाच्या धंद्याची घरघर सुरू झाली. १८६१ साली, यादवी युद्धात, देवमाशांच्या शिकारीची जुनी जहाजे दगडांनी भरून दक्षिणेकडील चार्ल्स्टन बंदराचा मार्ग अडविण्यासाठी मुद्दाम बुडविण्यात आली. १८७१ साली अलास्काच्या उत्तरेस ३३ जहाजे बर्फात सापडून सोडून द्यावी लागली. त्यांवरील बाराशेहून अधिक माणसे मात्र होड्यांतून सुखरूप निसटली. १९२४ च्या ऑगस्टमध्ये न्यू बेडफर्डहून निघालेले ‘वाँडरर’ हे जहाज दुसऱ्याच दिवशी वादळात कटिहंक बेटाच्या खडकांवर आदळून फुटले. त्या बंदरातून शिकारीस निघालेले ते जुन्या धाटणीचे शेवटचे मोठे जहाज होते.

धंदा बुडाला की त्याची हत्यारे अडगळीत जातात. गोदामांतील हार्पून मोडीत निघाले, आणि माळ्यावरच्या पेट्यांतील दात मुलांचे खेळणे झाले. अशा वेळी काही मंडळींना जाग आली. १८९४ साली नॅन्टकेटमध्ये व १९०३ साली न्यू बेडफर्डमध्ये इतिहासमंडळे स्थापन झाली. न्यू बेडफर्डच्या मंडळास एमिली बोर्न या बाईंनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे जोनाथन बोर्न या जहाजमालकाच्या, स्मरणार्थ एक इमारत बांधून दिली आणि तिच्यात त्यांच्या ‘लगोडा’ या जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती उभारली. १९१६ साली पुरी झालेली ही प्रतिकृती ८९ फूट लांब आहे. ज्यांनी ती बांधली त्यांत खऱ्या जहाजांवर काम केलेले कारागीर होते. आणखी वीस वर्षे थांबले असते तर तसे हात मिळाले नसते. नॅन्टकेटमध्ये मेणबत्त्यांच्या जुन्या कारखान्यातच १९३० साली संग्रहालय उघडले. आणि १८४१ साली बांधलेले, ८० वर्षांत ३७ सफरी केलेले ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे जहाज १९४१ साली कनेक्टिकटमधील मिस्टिक येथील सागरी संग्रहालयाने आपल्या धक्क्यावर आणून ठेवले. देवमाशांच्या शिकारीचे त्या काळचे तेवढे एकच लाकडी अमेरिकन जहाज आज शिल्लक आहे.

खरे आणि खोटे

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना स्क्रिमशॉ जमविण्याची आवड होती. त्यांच्या कार्यालयातील मेजावर कोरलेले दात मांडलेले असत. १९६२ च्या नाताळात पत्नीने भेट दिलेला एक दात १९६३ साली त्यांच्या शवपेटीत ठेवण्यात आला. अशा थोरांच्या आवडीमुळे या वस्तूंकडे श्रीमंतांचे लक्ष गेले, किमती चढल्या, आणि किमतीच्या मागोमाग नकला आल्या. कृत्रिम राळेपासून साच्यात ओतलेले दात आरंभी स्मरणवस्तू म्हणून उघडपणे विकले जात. पुढे हातोहात फिरताना त्यांची ‘नक्कल’ ही ओळख गळून पडली आणि ते खरे म्हणून खपू लागले. अशा खोट्या दातांचा सुळसुळाट इतका झाला की, मॅसॅच्युसेट्समधील केन्डल संग्रहालयाने १९८८ साली त्यांची एक स्वतंत्र यादीच प्रसिद्ध केली. खऱ्या दातांत एकसारखे एक असे दोन नसतात. म्हणून तेच चित्र, तेच जहाज व तीच तारीख दुसऱ्या दातावर हुबेहूब दिसली की जाणकार सावध होतात.

या बाबतीत आपल्या देशाचाही संबंध येतो. जगभरच्या दुकानांत दिसणारी जुन्या धाटणीची पितळी होकायंत्रे, दुर्बिणी, सेक्स्टंट आणि पाणबुड्यांची शिरस्त्राणे यांपैकी कितीतरी मुरादाबाद व रूरकी येथील कारागिरांच्या हातची असतात. उत्तर प्रदेश व उत्तराखंडात राहणाऱ्या आपल्या वाचकांनी ती बाजारात पाहिलीही असतील. ते काम सुबक असते आणि शोभेची वस्तू म्हणून विकण्यात काही गैर नाही. परंतु तिच्यावर लंडनच्या एखाद्या जुन्या कारखान्याचे नाव व शंभर वर्षांपूर्वीचे साल कोरले, म्हणजे भाबडे गिऱ्हाईक फसते. शिवाय खऱ्या कारागिराचे नाव कोठेच राहत नाही, ही दुसरी हानी. मुरादाबादच्या त्या ठठेऱ्याने आपले नाव व आपले साल घातले, तर आणखी शंभर वर्षांनी तीच वस्तू अस्सल पुराणवस्तू ठरेल.

जे कोणाला हवे नव्हते

संग्राहक मंडळींनी पुष्कळ वाचविले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य करावयास हवे. पण त्यांनी वाचविले ते प्रामुख्याने सुंदर होते ते. जहाजाची रोजकीर्द ही दिसावयास रुक्ष वस्तू : वारा कोणीकडचा, अक्षांश-रेखांश किती, देवमासा दिसला की नाही. मारलेल्या देवमाशाची खूण म्हणून तिच्या समासात लाकडी किंवा हाडाच्या ठशाने देवमाशाची आकृती उठवीत. धंदा बसल्यावर या वह्यांची कोणास गरज उरली नाही. कित्येक घरांत त्यांच्या पानांवर वर्तमानपत्रांतील कात्रणे चिकटविण्यात आली आणि खालचे लेखन झाकले गेले.

ज्या वाचल्या त्यांनी काय दिले ते पाहावे. १८५० च्या सुमारास अमेरिकन नौदलाचे मॅथ्यू मॉरी यांनी या रोजकीर्दींवरून कोणत्या समुद्रात कोणत्या महिन्यात देवमासे आढळतात याचे नकाशे तयार केले. १९३५ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयाचे संचालक चार्ल्स टाउनसेंड यांनी सोळाशेहून अधिक सफरींच्या नोंदी तपासून पन्नास हजारांवर देवमासे कोठे मारले गेले ते नकाशांवर टिंबांनी दाखविले. शिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या नोंदी आता देवमाशांच्या रक्षणासाठी वापरल्या जातात, आणि वाऱ्यांच्या नोंदींवरून जुन्या काळचे हवामान अजमावण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत. प्रॉव्हिडन्स येथील पॉल निकल्सन या उद्योजकांनी इतरांना रुक्ष वाटणाऱ्या या वह्याच शेकड्यांनी जमविल्या होत्या. त्या आज तेथील सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.

माणसांचेही तसेच. १८४८ साली न्यू बेडफर्डमधील लुईस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराने असे हार्पून घडविले की, ते देवमाशाच्या अंगात शिरताच त्याचे टोक आडवे फिरे व निसटत नसे. या एका सुधारणेने साऱ्या धंद्याची रीत पालटली. त्याने पेटंट घेतले नाही. इतर लोहारांनी तसेच हार्पून हजारांनी घडवून विकले. टेंपल १८५४ साली मरण पावला. त्याचे हार्पून संग्राहकांच्या भिंतींवर मानाने झळकू लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८७ साली, न्यू बेडफर्डच्या ग्रंथालयासमोर त्याचा पुतळा उभा राहिला.

१८२० साली ‘एसेक्स’ हे नॅन्टकेटचे जहाज एका देवमाशाने धडक देऊन बुडविले. त्यातून वाचलेला केबिनमधील पोऱ्या टॉमस निकर्सन याने म्हातारपणी, १८७६ साली, आपली हकीकत वहीत लिहून काढली. ती वही न्यूयॉर्क राज्यातील एका घराच्या माळ्यावर १९६० साली सापडली, तिचे महत्त्व ओळखले जाण्यास आणखी वीस वर्षे लागली, आणि ती १९८४ साली छापली गेली. त्या माळ्याची साफसफाई करताना कोणी घाई केली असती, तर एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेला तो प्रसंग कायमचा गेला असता.

कुळकथा नीट ठेवल्याचे फळ कधी अनपेक्षित ठिकाणी मिळते. २००७ साली अलास्काच्या इन्युपियाट शिकाऱ्यांनी मारलेल्या एका देवमाशाच्या अंगात जुन्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला. न्यू बेडफर्डच्या संग्रहालयातील जाणकाराने तो तपासला, तेव्हा १८७९ च्या पेटंटाचा, न्यू बेडफर्डमध्येच बनलेला तो भाला असल्याचे निघाले. यावरून देवमाशाचे वय ११५ ते १३० वर्षे असावे, असा अंदाज बांधण्यात आला. कोणत्या भाल्याचे पेटंट केव्हाचे आणि तो कोठे बनत असे, ही क्षुल्लक वाटणारी माहिती कोणीतरी जपली होती, म्हणून एका प्राण्याचे वय कळले.

शिकारीचे ऋण

या संग्रहांची दुसरी बाजू सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. प्रत्येक कोरलेला दात एका मारलेल्या प्राण्याचा आहे. विसाव्या शतकात यांत्रिक जहाजे व तोफेतून उडणारे हार्पून आल्यावर तर शिडाच्या जहाजांच्या काळाहून कितीतरी पटीने अधिक देवमासे मारले गेले. अमेरिकेने १९७२ व १९७३ सालच्या कायद्यांनी या वस्तूंच्या व्यापारावर कडक बंधने घातली. भारतातही १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असून त्यान्वये स्पर्म देवमाशाचे दात, हाड किंवा अंबर यांचा व्यापार गुन्हा ठरतो. कोकणातील ज्या वाचकांच्या घरी समुद्रावर सापडलेल्या अशा वस्तूंच्या गोष्टी चालत असतील, त्यांनी हे ध्यानी ठेवावे. १९७९ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य ठरविले आणि १९८२ साली व्यापारी शिकार थांबविण्याचा निर्णय घेतला. रत्नागिरीच्या मत्स्यालयातील देवमाशाचा अवाढव्य सांगाडा पाहून ज्यांनी लहानपणी तोंडात बोट घातले असेल, त्यांच्या त्या किनाऱ्यापुढचा समुद्र या अभयारण्यातच मोडतो. आणि २०१४ साली ‘मॉर्गन’ डागडुजी होऊन अडतिसाव्या सफरीस निघाले ते देवमासे पाहण्यासाठी. त्यावर एकही हार्पून वापरावयाचे नव्हते.

आपले कपाट

परमुलखी नांदणाऱ्या मराठी कुटुंबांजवळ काय नसते? आजीने माहेराहून आणलेले पितळी कातणे, आजोबांनी नोकरीच्या पहिल्या गावी घेतलेली ट्रंक, मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाचे छायाचित्र, हौशी नाटकाची हस्तपत्रिका, घरच्या पत्रांचा गठ्ठा. पुढची पिढी कातणे ठेवील, कारण ते शोभिवंत आहे. पत्रांचा गठ्ठा आणि वर्गणीच्या पावत्यांची चळत मात्र घर बदलताना रद्दीत जाईल. न्यू बेडफर्डच्या माळ्यांवर नेमके हेच घडले.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची सूचना साधी आहे. मंडळाने एक कोरी वही घालावी आणि सेलमच्या कप्तानांप्रमाणे तिच्यात वस्तूगणिक नोंद करावी : वस्तू कोणती, कोणाची, कोणत्या गावाहून कोणत्या साली येथे आली, देणाराचे नाव काय. घरोघरच्या छायाचित्रांच्या मागील बाजूस माणसांची नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, आणि ती सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवर लिहावीत. इतिवृत्तांच्या जुन्या वह्यांवर कात्रणे चिकटवू नयेत. ज्या बायांनी पन्नास वर्षे हळदीकुंकवाचा, दिवाळी फराळाचा आणि बालवर्गाचा भार वाहिला, त्यांची नावे कार्यकारिणीच्या यादीत नसतील तर निराळी नोंदवून ठेवावीत. मंडळाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी येत्या वार्षिक सभेपूर्वी ते एकदा उघडून आत काय आहे त्याची यादी करावी, आणि ती सभेपुढे वाचून दाखवावी.